उजवीकडच्या मागच्या पायाखालची फळी

बाबा,

काल दुपारी गाडी पुन्हा त्याच जागेवर लावली. आल्ब डोंगराच्या चढावरच्या गावातला तोच श्टेलप्लात्झ, मोटरहोम लावायचा तळ, झुडपांच्या कुंपणाला लागून असलेली तीच शेवटची जागा, विजेचा तोच खांब. श्रीरंग म्हणाला, "अगं, एवढ्या जागा रिकाम्या आहेत, दुसरी घे ना." मी म्हटलं, नाही, हीच. सासऱ्यांना जाऊन दीड महिना होत नाही तोच सून मोटरहोम घेऊन हिंडायला निघाली, असं चिंचवडला कुणी म्हणत असेल तर खुशाल म्हणो. मी हिंडायला आले नव्हते. मला इथे एक काम उरकायचं होतं आणि ते तुमच्याशी होतं.

गेल्या ऑक्टोबरात इथे गाडीची बाहेर सरकणारी भिंत, ती स्लाइड-आउट, अडकली, त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही समोर असायचात, तेव्हाही जीभ रेटली नाही. उन्हाळ्यात येतील तेव्हा समोरासमोर सांगू, असं मी स्वतःला समजावत राहिले. तुम्ही काही उन्हाळ्यापर्यंत थांबला नाहीत. तेव्हा आता ऐका.

पण आधी आपलं जुनं भांडण. ते अर्धवट टाकून गेलात, हे मला अजिबात पटलेलं नाही.

पिंपरीच्या कारखान्यात तुम्ही उभी हयात मशीनं बसवण्यात घालवलीत. लेथ असो नाहीतर ग्राइंडर, क्रेनने खाली उतरवला की त्याच्या पायांखाली पातळ पत्रे सरकवत स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणायचा, हे तुमचं काम. मी इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, गाड्यांच्या सस्पेन्शनमधल्या सेन्सरवर काम करते, म्हणजे गाडी किती कलली ते सांगणाऱ्या चिमुकल्या डबीवर माझं पोट आहे. एका घरात अशी दोन माणसं आली की शांतता कुठून राहणार. आम्ही जुनी अमेरिकन मोटरहोम घेतली तेव्हा तुम्ही फोनवर ना इंजिनाचं विचारलंत, ना पलंगांचं. पहिला प्रश्न, "लेव्हल कशी करता?" मी ऐटीत सांगितलं, "बाबा, बटण आहे. चार हायड्रॉलिक पाय आपोआप खाली येतात. हिरवा दिवा लागला की झालं." पलीकडून नुसतं "हं" आलं. त्या हंचा अर्थ मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळायला लागला होता.

मग तुम्ही आलात ते हँडबॅगेत स्वतःची लेव्हल घेऊनच. जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला तो लोखंडी ठोकळा मुंबईच्या विमानतळावर सिक्युरिटीवाल्यांनी तीनदा बाहेर काढला, आणि तुम्ही तो त्यांच्याच टेबलावर ठेवून त्यांचं टेबल किती कललंय ते त्यांना दाखवलंत. हे आईंनी आल्या आल्या, बूट काढायच्या आधी, तक्रारीच्या सुरात सांगितलं. तुम्ही मागे उभे राहून खुशीत होतात.

आमच्या गाडीत सोफ्यासकट एक अख्खी भिंत दीड-दोन हात बाहेर सरकते आणि आत मोकळी खोली तयार होते. तीच ती स्लाइड-आउट. आई तिला बाल्कनी म्हणतात. तुम्ही पहिल्यांदा ती बाहेर येताना पाहिलीत तेव्हा गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्यात आणि म्हणालात, "मधुरा, हा तर लेथचा सरकता कॅरेज झाला. खालचा बेड वाकडा असेल तर हा अडकणार." बरोबरच होतं. गाडी पिळलेली असताना भिंत बाहेर काढली तर ती तिरकी होऊन रुतते. मॅन्युअलमध्येही तेच लिहिलंय. पण मॅन्युअल सासरे नसतात, त्यामुळे त्याचा राग येत नाही.

तुमची पद्धत मला आता पाठ आहे. आधी वर बघायचं, फांदी आहे का. मग बाजूला बघायचं, खांब आहे का. मग हँडब्रेक, मग चारही पायांच्या जागी जाड फळ्या, मग बटण. मग ओट्यावर लेव्हल उभी-आडवी ठेवून बघायची. आणि मग, इथे माझं डोकं फिरायचं, चहा. खुर्च्या मांडून, बशीत ओतून, सावकाश. चहा संपल्यावर पुन्हा लेव्हल बघायची आणि मगच स्लाइड-आउटच्या बटणाला हात लावायचा.

"वजन पडलं की जमीन दबते. तिला चहाएवढा वेळ द्यायचा."

"बाबा, सेन्सर क्षणाक्षणाला मोजतोय."

"मोजू दे की. आपण चहा घेऊ."

माझा हिरवा दिवा लागलेला असताना तुमचा बुडबुडा केसभर बाजूला असायचा. तेवढ्यावरून आपण किती वाद घातला असेल. आईंच्या तव्यावर घावनाचं पीठ एका अंगाला ओघळलं की तुम्ही मला हाक मारून बोलवायचात आणि काही न बोलता तवा दाखवायचात. मी म्हणायचे, तवाच वाकडा आहे. आमची लेक ईरा वरच्या पलंगावरून ओरडायची, "आजोबा हाट रेष्ट, मामा." आजोबांचं बरोबर आहे म्हणे. मामा म्हणजे मी. तिचं मराठी ऐकण्यापुरतं आणि न्याय मात्र नेहमी तुमच्या बाजूने.

आणखी एक गोष्ट आत्ता सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साडेसात टनांपर्यंतच्या गाडीचं लायसन्स काढायला मी निघाले तेव्हा माझी स्वतःची आई म्हणाली, तुला कशाला ती उठाठेव, श्रीरंगला काढू दे. तुम्ही मात्र कॉलनीभर सांगत सुटलात, आमची सून ट्रक शिकते. पहिल्या परीक्षेत मी रिव्हर्स घेताना नापास झाले. ते मी फक्त तुम्हाला सांगितलं, ऑफिसच्या पार्किंगमधून, रडत. तुम्ही धीर वगैरे दिला नाहीत. आरशात काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं एवढंच विचारलंत. दुसऱ्यांदा पास झाले. नापास झाल्याचं तुम्ही आईंनाही कळू दिलं नाहीत. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं की माझी चूक तुमच्यापाशी सुरक्षित असते.

आता ऑक्टोबर.

चार दिवस पाऊस पडून उघडला होता. गवत ओलं होतं. तुम्ही चारही फळ्या ठेवल्यात, मी बटण दाबलं, तुम्ही लेव्हल बघितलीत. खांब तुम्हाला दिसला होता. तुम्ही बोटं ताणून मापलंत आणि म्हणालात, "भिंत बाहेर आली तरी वीतभर राहते. बसतं." मग श्रीरंग ईराला घेऊन ऑफिसात नाव नोंदवायला गेला. तुम्ही आणि आई पाण्याचा कॅन घेऊन नळाकडे निघालात. जाताना म्हणालात, "चहा टाक. आलोच आम्ही."

मी चहा टाकला. आणि खिडकीतून तो खांब बघत बसले. मला वाटलं, वीत कसली राहतेय, खांब घासणार. तुमच्या नजरेवर माझा विश्वास बसला नाही. मी पाय वर घेतले, गाडी हातभर पुढे काढली, खाली उतरले आणि फळ्या नव्या जागी ओढल्या. तीन ओढल्या. चौथी, उजवीकडच्या मागच्या पायाची, कुंपणाच्या बाजूला चिखलात आणि खाजकुइलीसारख्या त्या इथल्या झाडांत होती. माझ्या पायात घरातल्या सपाता होत्या. म्हटलं, एकाने काय होतंय. आत येऊन बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. चहासाठी थांबले नाही. तुम्ही यायच्या आत खोली तयार करून दाखवायची होती मला.

भिंत अर्धी बाहेर आली आणि तो पाय ओल्या गवतात दबला. आधी कपाटातल्या बशा किणकिणल्या, मग कर्र असा आवाज झाला, मग सगळं बंद. भिंत तिरकी होऊन अर्ध्यात रुतली.

तुम्ही सगळे एकदमच परत आलात. श्रीरंग गाडीमागे गेला आणि तिथूनच म्हणाला, "बाबा, ही फळी इकडे पडलीये. पायाखाली नाहीच. तुम्ही ठेवली होती ना?"

तुम्ही कॅन खाली ठेवलात. वाकून त्या फळीकडे बराच वेळ बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. मी दारातल्या पायरीवर उभी होते.

"ठेवली तर होती," तुम्ही म्हणालात. आणि थोड्या वेळाने, "नसेल नीट ठेवली. चुकलं माझ्याकडून."

तेव्हा मी जे बोलले ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मी म्हणाले, "जाऊ दे रे श्रीरंग, होतं असं कधीकधी." मी तुम्हाला सगळ्यांसमोर उदार मनाने माफ केलं, बाबा.

श्रीरंग चिडलेला होता. "आता प्लीज तुम्ही खुर्चीत बसा. यापुढे या गाडीत कशालाही हात लावायचा नाही." तुम्ही बसलात. प्लात्झची देखभाल करणारे म्हातारे हेर केसलर हँडल घेऊन आले आणि "आल्झो, लांगसाम, लांगसाम" असं हळूहळू घ्यायला सांगत त्यांनी आणि श्रीरंगने मिळून ती भिंत हाताने आत घेतली. मध्येच एकदा तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात आणि पुन्हा बसलात. माझा चहा कुणीच घेतला नाही.

त्या दिवसानंतर मी एकाच गोष्टीवर तगून राहिले. तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंत त्यावरून मला खात्री होती की तुम्हाला कळलंय. गवतात चाकांच्या खुणा होत्या, आणि तुम्ही तर पत्र्याची जाडी नखाने ओळखणारे. लायसन्सच्या वेळी झाकलंत तसंच याही वेळी झाकलंत, असं मी धरून चालले. चिंचवडला तुमच्या तेराव्याच्या दिवसांत बायका-पुरुष सगळे हसून तीच गोष्ट सांगत होते, बाबांनी जर्मनीत भिंत कशी अडकवली. तुम्हीच रंगवून सांगितली होतीत म्हणे, हातवारे करून. श्रीरंगच्या आत्या तर डोळे पुसत हसत होत्या. मी त्यांच्यात चहाचा ट्रे घेऊन फिरत होते आणि मनात म्हणत होते, केवढं मोठं मन या माणसाचं. पण ट्रे खाली ठेवून दोन वाक्यं बोलायचं मला पुन्हा जमलं नाही. त्याच दुपारी मी तुमचं कपाट उघडलं. मला तुमची लेव्हल हातात धरायची होती. बनियन होता, घडी घातलेला. लेव्हल नव्हती.

विमानात ठरवलं. आता सांगायचं, आणि जिथे घडलं तिथेच सांगायचं. आईंचा व्हिसा होता, त्यांना आम्ही सोबत घेऊन आलो होतो. ओस्टरच्या, म्हणजे ईस्टरच्या, सुट्ट्या लागल्या आणि मी गाडी काढली.

काल मी तुमच्या पद्धतीनेच सगळं केलं. गाडी अगदी तुम्ही लावायला सांगितली होती तिथे, खांबापासून तेवढ्याच अंतरावर उभी केली. वर बघितलं, बाजूला बघितलं. चौथी फळी सगळ्यात आधी ठेवली, गुडघे टेकून. ईराने बाउमार्क्टमधून, म्हणजे हत्यारांच्या दुकानातून, आणलेली लेव्हल ओट्यावर धरली आणि "नॉख आइन बिसशेन, मामा," अजून थोडं, अजून थोडं करत मला दमवलं. मग मी चहा टाकला. श्रीरंग खुर्च्या मांडता मांडता म्हणाला, "फळी नीट बघ हं, नाहीतर बाबांसारखं व्हायचं." त्याने मायेनेच म्हटलं. हल्ली तुमच्याबद्दल तो फक्त थट्टेतूनच बोलू शकतो, दुसरं काही बोलायला गेला की त्याचा आवाज जातो.

मी कप खाली ठेवला. "फळी बाबांनी बरोबर ठेवली होती. तुम्ही सगळे गेल्यावर मी गाडी हलवली. ती फळी मी हलवली नाही. आणि तू त्यांना बोललास तेव्हा मी गप्प बसले."

ईराने विचारलं, "पापा, वास इस्ट?" काय झालं म्हणे. श्रीरंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "मी त्यांना खुर्चीत बसवलं." माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी आईंकडे वळले. मला वाटलं होतं, निदान त्या तरी मान हलवतील. "आई, त्यांना कळलं होतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं."

"नाही गं," आई म्हणाल्या. "त्यांना कुठे कळलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत. घरी गेल्यावर तुम्ही आधी डोळे तपासून आलात. डॉक्टर म्हणाले, नजर ठीक आहे. तेव्हा तुम्ही आईंना म्हणालात, मग डोकंच गेलं असणार. संपत, तुमच्या हाताखाली शिकलेला, त्याची भोसरीला शेड आहे. निवृत्तीनंतर तुम्ही रोज सकाळी तिथे जायचात, कुणाचं मशीन आलं की बसवून द्यायचात. दिवाळीनंतर तुम्ही जाणं बंद केलंत. लेव्हल त्याला देऊन टाकलीत. आई त्यांच्या साध्या आवाजात सांगत होत्या. "म्हणाले, फळी ठेवली नसताना ज्याला ठेवली असं वाटतं, त्याने मशीनला हात लावू नये. कुणाचा तरी पाय जाईल."

"पण ते हसून सांगायचे ना सगळ्यांना?"

"हसून सांगायचे. लोकांनी ओळखायच्या आधी आपणच सांगून मोकळं व्हायचं, असं चाललेलं त्यांचं." आणि मग त्या म्हणाल्या, "तू तेव्हाच का नाही बोललीस, मधुरा?" त्यांनी माझा निवलेला चहा ओतून टाकला आणि नवा ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणजे तुमची ती नजर कळल्याची नव्हतीच. तुम्ही मला विचारत होतात. मी ठेवली होती ना, मधुरा, तू बघितलंस ना, एवढंच विचारत होतात, आणि मी तुमच्याकडे बघून म्हटलं, होतं असं कधीकधी.

चहा झाल्यावर श्रीरंग उठला आणि त्याने स्वतः लेव्हल बघितली. बुडबुडा जरासा सरकला होता. वजनाने जमीन दबली होती. त्याने दबलेला कोपरा थोडा उचलायला लावला, पुन्हा बघितलं आणि मला बटण दाबायची खूण केली. तो बाहेर उभा राहिला. भिंत सरळ, सुरळीत बाहेर आली. खांब आणि भिंत यांच्यात त्याने हात घातला, बोटं ताणली, आणि तसाच उभा राहिला. वीतभरच होतं, बाबा. तुम्ही म्हणाला होतात तेवढंच.

काल मी खूप रडले. पण माझं रडणं तुमच्या काय कामाचं. तुम्ही कामाची माणसं ओळखायचात, म्हणून आज सकाळपासून मी कामाला लागले आहे. पहिला फोन संपतला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, जानेवारीत माझ्याकडे ग्राइंडर आला होता. मी साहेबांना न्यायला घरापर्यंत गेलो. पायात चप्पल घातली त्यांनी, आणि परत काढली." दुसरा फोन आत्यांना. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, आता काय त्याचं." मी म्हटलं, नाही आत्या, जाऊ द्यायचं नाही, आणि ज्यांना ज्यांना तुम्ही ती गोष्ट सांगितली असेल त्यांना ही पण सांगा, माझ्या नावासकट. त्यांना ते आवडलं नाही. नाही आवडलं तर नाही. काका, कॉलनीतले जोशी, तुमचे सकाळच्या फिरण्यातले तिघे, सगळ्यांचे नंबर आईंनी दिले आहेत. आई शेजारी बसून एकेक वाचून दाखवतात. अजून माझ्याशी फारसं बोलत नाहीत, पण नंबर देतात. एकही माणूस सोडणार नाही. तुम्ही स्वतःवर हसवलेला प्रत्येक जण मला परत गाठायचा आहे.

तुम्हाला सोडून सगळ्यांना फोन लावता येतो.

तेव्हा तुमच्यासाठी हे इथे लिहिते, साध्या शब्दांत. फळी तुम्ही ठेवली होती. चारही बरोबर ठेवल्या होत्या. तुमची नजर ठीक होती, हात ठीक होते, डोकं तर माझ्यापेक्षा शंभर पटींनी ठीक होतं. हे मी तुम्हाला त्या दिवशी, पायरीवरून उतरून, चार शब्दांत सांगितलं असतं, तर जानेवारीत संपत दारात आला तेव्हा तुम्ही चप्पल परत काढली नसतीत.